नागपूर स्वस्त, तरी माणसं पुण्याकडेच का जातात? आणि परतायचं तर किती पगार कमी चालतो?

त्रिमूर्तीनगर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासगटासाठी एक टिपण करायचं आहे. विषय असा की राहण्या-खाण्याच्या खर्चामुळे देशातल्या देशात माणसं कुठून कुठे सरकतात. उदाहरण अर्थातच नागपूर. तीन गोष्टींपाशी गाडी अडली आहे.

१) दोन शहरांतला खर्च तुलनेला कुठला सरकारी आकडा वापरावा? महागाई निर्देशांकात नागपूरचा वेगळा आकडा मिळतो, पुण्याचाही मिळतो. ते शेजारी ठेवले तर चालतं का?

२) पुण्यातली नोकरी सोडून नागपुरात यायचं तर 'इतके टक्के कमी पगार चालेल' असं जो-तो सांगतो. कोणी १० म्हणतं, कोणी ४०. हा आकडा काढायचा कसा?

३) आपल्याकडची शिकलेली मुलं पुण्याला जातात आणि त्याच वेळी बालाघाट, राजनांदगावकडचे मजूर नागपुरात येतात. दोघांचा हिशोब एकच की वेगळा?

'आपलं गाव ते आपलं गाव' छापाची उत्तरं नकोत. आकडे आणि पद्धत हवी.

आकडेमोड (उत्तर)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही चालत.

लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक ८८ केंद्रांसाठी निघतो, त्यात नागपूर आहे. पण प्रत्येक केंद्राचा पाया २०१६ = १०० असा त्याच्यापुरता धरलेला आहे. समजा नागपूरचा आकडा पुण्यापेक्षा मोठा दिसला, तर अर्थ एवढाच की २०१६ नंतर नागपुरात भाव जास्त वेगानं चढले. २०१६ साली कोण किती महाग होतं हे त्यात कुठेच नाही. ही चूक बातम्यांतही दिसते, तुमच्या टिपणात नको.

दुसरा मोह कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीचा. २०२३-२४ मध्ये दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आला. हा लोकांनी केलेला खर्च आहे, वस्तूंचा भाव नव्हे. हातात पैसा कमी म्हणून खर्च कमी, यालाही त्या आकड्यात जागा आहे. गावात खर्च कमी म्हणजे गाव स्वस्त, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

इंटरनेटवर शहरांची तुलना करणाऱ्या साइट वापरकर्त्यांनी भरलेल्या भावांवर चालतात. नागपूरसारख्या शहरात भरणारे कमी, आणि जे भरतात त्यांचं घरभाडं धरमपेठ-रामदासपेठेसारख्या महागड्या वस्तीचं असण्याची शक्यता जास्त. संदर्भ म्हणून बघा, आधार म्हणून नको.

मग उरतं काय? सरकार स्वतः शहराशहरांत जो फरक मानतं तो. केंद्रीय कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता अखिल भारतीय निर्देशांकावरून ठरतो, म्हणून तो गडचिरोलीत आणि मुंबईत टक्क्यानं सारखाच. भूगोल दिसतो तो घरभाडे भत्त्यात. ५० लाखांवर लोकसंख्येची शहरं एक्स, ५ लाख ते ५० लाख वाय, बाकी झेड. महागाई भत्ता ५० टक्क्यांना पोचल्यावर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, हे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. पुणे एक्समध्ये, नागपूर वायमध्ये. मूळ वेतन ५०,००० असेल तर पुण्यात १५,००० आणि नागपुरात १०,०००, फरक ५,०००. आता दोन्ही शहरांतल्या दोन बेडरूमच्या भाड्यातला खरा फरक काढा. तो ५,००० च्या बराच वर जातो. केंद्रीय कर्मचाऱ्यांना नागपूरची बदली का आवडते, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

या वर्गवारीची गंमत अशी की अमरावतीही वायमध्ये आणि नागपूरही, कारण ५ लाखांची रेषा दोघांनीही ओलांडली आहे. अकोला आणि चंद्रपूर २०११ च्या जनगणनेत त्या रेषेखाली होते म्हणून झेड. लोकसंख्या म्हणजे भाडं नव्हे, पण सरकारकडे सोपं माप तेच.

स्थलांतराच्या आकड्यांबद्दलही सांगून ठेवतो. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींवर स्थलांतरित दिसतात आणि तो आकडा बघून लोक थक्क होतात. त्यातले राज्य ओलांडून आलेले जेमतेम सव्वापाच-साडेपाच कोटी. २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत स्थलांतराचं प्रमाण २८.९ टक्के, पण बायकांत ४७.९ आणि पुरुषांत १०.७. बायकांच्या बाबतीत मुख्य कारण लग्न. एकूण आकडा तसाच उचललात तर तुम्ही महागाई नव्हे, सोयरिकी मोजाल. जनगणनेच्या डी-३ तक्त्यात मागचं ठिकाण, मुक्कामाचा काळ आणि कारण तिन्ही असतात. त्यातून 'काम/रोजगार' आणि मुक्काम ० ते ४ वर्षं एवढंच गाळून घ्या. आकडे जुने आहेत खरे. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, त्यामुळे नवे तक्ते यायला वेळ आहे.

हिशोबाची_वही

दुसरा प्रश्न. टक्के विचारू नका, महिन्याअखेर उरतं किती ते विचारा. ते काढलं की टक्का आपोआप निघतो.

खाली उदाहरणापुरते आकडे घेतो, तुम्ही तुमचे घाला. चौघांचं कुटुंब, भाड्याचं घर, हातात महिना १,००,०००.

पुणे: भाडं २८,०००; येणं-जाणं ६,०००; शाळा १०,०००; कामवाल्या मावशी ५,०००; किराणा-भाजी-दूध १४,०००; वीज १,८००; नागपूरला येण्या-जाण्याचा वर्षाचा खर्च महिन्यावर वाटून ४,०००; बाकी सगळं १२,०००. बेरीज ८०,८००. उरले १९,२००.

नागपूर, त्याच क्रमानं: १५,०००, ४,०००, ७,५००, ३,५००, १३,५००, ३,०००, ५००, १२,०००. बेरीज ५९,०००.

तेवढेच १९,२०० उरायला नागपुरात हातात ७८,२०० हवेत. म्हणजे २१.८ टक्के कपात चालते. फरकाच्या २१,८०० पैकी १३,००० एकट्या भाड्याचे आहेत, साठ टक्के. किराण्यात जेमतेम पाचशे. डाळ-तेल-साबणाचे भाव देशभर जवळपास एकच असतात. उलट भर उन्हाळ्यात बाहेरून येणारी भाजी इथल्या कळमना बाजारातही चढते. वीज तर नागपुरात जास्त धरावी लागते, महावितरणचा घरगुती दर पुण्यात आणि नागपुरात एकच असूनही. पेट्रोलही इथे स्वस्त नाही. म्हणजे 'नागपूर स्वस्त' याचा खरा अर्थ 'नागपुरात जागा स्वस्त आणि माणसाची मजुरी स्वस्त'. पहिल्या स्वस्ताईनं माणूस यायला बघतो, दुसरीमुळे इथला माणूस निघून जातो. तुमच्या टिपणाचा कणा हाच ठेवा असं माझं मत.

हिशोब फसतो तो पुढच्या ठिकाणी.

एक, लोक सीटीसी, म्हणजे कंपनीनं सांगितलेला वर्षाचा एकूण पगार, लावतात. कपात हातात पडणाऱ्या रकमेवर मोजायची, कारण आयकर सरळ रेषेत चालत नाही. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर शून्य. १५,००,००० वर कर ९३,७५० आणि ४ टक्के उपकर मिळून ९७,५००. म्हणजे १५ लाखांवरून पावणेतेरा लाखांवर आलात तर कागदावर १५ टक्के कपात, पण पीएफ बाजूला ठेवून हातात १४,०२,५०० ऐवजी १२,७५,०००, फक्त ९ टक्के. २५ लाखांवरून येणाऱ्याला ही उडी मिळत नाही, त्याची कपात कपातच राहते. जुन्या प्रणालीत असाल तर घरभाड्याची सूटही मोजा. त्या सुटीला नागपुरात मूळ वेतनाच्या ४० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भाडंच कमी असल्यानं सूटही आटते. नव्या प्रणालीत ही सूट मुळात नाही.

दोन, पगारवाढ टक्क्यांत होते. ८ टक्के वाढ लाखावर ८,०००, ७८,२०० वर ६,२५६. मोबाइल, गाडी, लॅपटॉप, मुलाच्या इंजिनिअरिंगची फी, मोठं ऑपरेशन यांना नागपूरचा भाव वेगळा नसतो. मुलं लहान असताना जमणारा सौदा ती बारावीला पोचली की घट्ट होतो. सात-आठ वर्षांचा तक्ता मांडा, एका महिन्याचा नको.

तीन, बदलाचा एकरकमी खर्च: ट्रक, दोन्हीकडचं एक महिन्याचं दुहेरी भाडं, शाळेचं प्रवेशशुल्क, दलाली. हे सगळं मिळून किती महिन्यांच्या बचतीत फिटतं ते काढा. वर्षाच्या आत फिटलं तर ठीक.

त्रिमूर्तीनगर

फार उपयोगी, आभार. पण पुण्यात फ्लॅट घेतलेला असेल आणि कर्ज चालू असेल तर? आमच्या यादीत असे बरेच आहेत.

हिशोबाची_वही

तर वरचा तक्ता फाडून टाका. ईएमआय शहर बदलल्यानं कमी होत नाही.

८० लाखांचा फ्लॅट, ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता सुमारे ५२,०००. तोच फ्लॅट भाड्यानं दिला तर किमतीच्या वर्षाला तीनेक टक्के हाती येतात, म्हणजे महिना २०,०००. खड्डा ३२,००० चा, आणि तो नागपूरच्या पगारातून भरायचा. त्यातून नव्या करप्रणालीत भाड्यानं दिलेल्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतंच धरता येतं.

म्हणून भाडेकरू असताना माणूस हलतो, घर घेतलं की रुततो. पस्तिशीच्या आत परतणारे परततात, नंतरचे निवृत्तीची वाट बघतात. महागाई माणसाला शहराबाहेर ढकलते असं आपण म्हणतो, पण कर्जावर घर घेतलेल्याला तीच महागाई तिथे बांधून ठेवते.

वर्धा_रोड

वरचा हिशोब बरोबर आहे, पण तो एकाच नोकरीचा झाला. पुण्याचं भाडं माणूस का सोसतो? दुसरी नोकरी त्याच शहरात मिळते म्हणून. विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत, एम्स आहे, आयआयएम आहे, मेट्रो खापरीपर्यंत जाते. सगळं मान्य. पण एखाद्या खास कामातल्या माणसाला नोकरी बदलायची झाली तर नागपुरात पर्याय बोटावर मोजण्याइतके, पुण्यात हिंजवडी-खराडी-मगरपट्टा धरून डझनांनी.

तक्त्यात ही जोखीम अशी घाला: नोकरी गेली तर दुसरी मिळायला किती महिने? पुण्यात ३ आणि नागपुरात ८ धरले, तर जास्तीचे ५ महिने गुणिले महिन्याचा खर्च ५९,०००, म्हणजे २,९५,००० हाताशी वेगळे हवेत. तेवढे नसतील तर २१.८ टक्के कपात परवडते हे फक्त कागदावर.

दोघं कमावते असतील तर प्रश्न दुप्पट नाही, चौपट होतो. नवऱ्याला बदली मिळते, बायकोला राजीनामा द्यावा लागतो किंवा उलट. एका पगाराची २० टक्के कपात आणि दुसरा पगार शून्य, याला नागपूरचं कोणतंही भाडं पुरे पडत नाही. अपवाद घरून काम करणाऱ्यांचा. त्यांच्याबाबत कंपनीचं पत्र बघा. पगार कामाच्या ठिकाणानुसार बदलू शकतो असं कलम असेल तर पत्ता बदलल्याबरोबर एचआरचा मेल येतो. आणि आठवड्यातून तीन दिवस हजेरी सक्तीची झाली की सगळं पुन्हा मूळ पदावर.

धान_पट्टा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी देऊन नाही राहिलं, म्हणून मी लिहितो.

मजुराचा हिशोब वेगळा आहे भाऊ, जवळजवळ उलटा. नोकरदार कुटुंब घेऊन हलते, म्हणून त्याला शहराचं भाडं लागते. बालाघाट, गोंदिया, राजनांदगाव पट्ट्यातला मजूर कमावते शहराच्या भावानं आणि घर चालवते गावाच्या भावानं. शहरात तो राहण्याचा खर्च शून्याजवळ आणते. साइटवर टिनाचं शेड, पाणी साइटचं, स्वयंपाक दहा-बारा जणांचा एकत्र, सरपण सेंट्रिंगच्या तुटक्या फळ्यांचं. म्हणून नागपूर महाग झालं की स्वस्त, याचा त्याच्या येण्यावर फार परिणाम नाही. परिणाम होते तो रोजीतल्या फरकाचा आणि सलग किती दिवस काम लागते त्याचा.

कॅलेंडर पाहा. धानाचा पट्टा, बहुतेक ठिकाणी एकच पीक. जुलैत रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. धान विकलं की माणूस मोकळा. दिवाळीनंतर निघते आणि पाऊस पडला की परतते. ही येजा जनगणनेत नीट दिसत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत, २००७-०८ ला, महिनाभर ते सहा महिने बाहेर राहणाऱ्यांची वेगळी नोंद घेतली होती. जुनी आहे, पण हंगामी माणूस मोजायची पद्धत समजायला तीच वाचा.

नागपुरात त्यांचे दोन प्रकार. ठेकेदारासोबत जोडीनं आलेले, मिस्त्रीच्या हाताखाली रेजा-कुली (बाई-गडी) म्हणून, ते साइटवर राहतात. दुसरे सकाळी ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या अड्ड्यावर, उभे राहणारे. ठिय्यावरच्याला खोली भाड्यानं घ्यावी लागते, वरून महिन्याचे आठ-दहा दिवस काम नाही लागत. महागाई खरी चावते ती याला. एका खोलीत पाच-सहा जण राहून तो ती वाटून घेते. रोजी ७०० आणि काम २० दिवस, तर १४,०००. खोलीचा वाटा १,०००, खाणं ३,५००, मोबाइल-प्रवास १,०००, गावाकडे ८,५००. तेच काम १४ दिवसांवर आलं तर मिळाले ९,८००, शहराचा खर्च तोच ५,५००, गावाकडे ४,३०० उरले, निम्मे. मग तो नागपूर सोडून हैदराबाद-सुरतचा रस्ता धरते. भाव वाढले म्हणून नाही, दिवस कमी पडले म्हणून.

गडचिरोली-चंद्रपूरकडून तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्यांचंही असंच. तिथं तोडणीच्या मोसमात मजुरी सलग लागते, मुक्काम वावरातच, खर्च जवळपास नाही.

आता रेशन, कारण मजुराच्या खर्चात सगळ्यात मोठं खाणंच असते. एक देश एक रेशनकार्डमुळं छत्तीसगडचं कार्ड नागपूरच्या दुकानात चालते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, सध्या फुकट. धान्य तोडून उचलता येते. पाच जणांचं २५ किलो असेल तर इथं १० आणि गावाकडे १५, त्याच महिन्यात. अडते कुठं? आधार जोडलेलं नसते किंवा ई-केवायसी राहिलेली असते, आणि सिमेंट-गिट्टीच्या कामानं बोटांचे ठसे झिजलेले असतात म्हणून मशीन घेत नाही. दुकानदार 'कोटा संपला' म्हणते ते वेगळंच. आणि गावी राज्य सरकार वरून जे जास्तीचं देते ते इथं मिळत नाही, फक्त केंद्राच्या कायद्यातलं मिळते. मजुरांना हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर गावाएवढं धान्य मागतात आणि भांडण होते.

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणीही पाहा. वय १८ ते ६०, मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागते. ठिय्यावरच्याचे मालक रोज बदलतात, त्याला ९० दिवसांचा दाखला देणार कोण? म्हणून ज्याला जास्त गरज त्याचीच नोंदणी राहून जाते.

वरचा_माळा

वर हिशोबाची_वही यांनी नागपूरची वीज ३,००० धरली आहे, ती का हे सुटलं. आणि भाड्याच्या घराबद्दलही कोणी बोललं नाही. पुण्याहून येणारे इथेच गंडतात.

महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात आणि वरच्या टप्प्याचा दर खालच्याच्या कितीतरी पट असतो. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी नागपूरच्या मे महिन्यात ताशी एक युनिटच्या आसपास खातो. दहा तास म्हणजे महिन्याला ३००. असे दोन लावले, वर फ्रिज-पंखे-गिझर, की पाचशेची रेषा गेली. डेझर्ट कूलरची मोटर आणि पंप मिळून २०० वॉट धरा. बारा तास चालवला तरी महिन्याला ७२ युनिट. म्हणून नागपूरकर हॉलला कूलर आणि एका बेडरूमला एसी असं करतो, तो कंजूष म्हणून नव्हे. कूलरची अट दोन: खिडकी बाहेर उघडणारी हवी आणि समोरच्या बाजूनं हवा निघून जायला वाट हवी. खोली बंद ठेवून कूलर लावला तर दमट होतं आणि मग 'तुमचा कूलर काही कामाचा नाही' म्हणतात. जूनच्या मध्यात हवेत ओल आली की कूलर तसाही हात टेकतो, तेवढे पंधरा-वीस दिवस एसीच. दिवसभर चाललेला मोठा कूलर शंभर-दीडशे लिटर पाणी पितो हेही धरा.

त्यावरून पाणी. महापालिकेच्या हद्दीत ऑरेंज सिटी वॉटरची लाइन असते. बेसा-बेलतरोडीकडे हद्दीबाहेर भाडं कमी दिसतं, पण बऱ्याच ठिकाणी बोअर आणि टँकरवर भागतं. भाडं तीन हजारांनी कमी आणि एप्रिल ते जून टँकरची वर्गणी, असा तो सौदा. घर बघायला जाल तर मे महिन्यात जा, दुपारी तीन वाजता. वरच्या मजल्यावर स्लॅबला हात लावून बघा. पश्चिमेची भिंत आणि उघडी गच्ची असेल तर दोन हजार कमी भाडं विजेच्या बिलात परत जाईल. तळमजला घेणार असाल तर २३ सप्टेंबर २०२३ ला घरात पाणी आलं होतं का, हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला शंकरनगर, डागा लेआऊट या चांगल्या वस्त्यांतही आलं होतं.

करार: महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, ११ महिन्यांचा असला तरी. मुद्रांक एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर पाव टक्का, नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,०००. ऑनलाइन होतो, दोघांचा आधार आणि अंगठा लागतो. नागपुरात अजून बरेच मालक स्टॅम्पपेपरवर सही करून मोकळे होतात. तो कागद भाडेभत्त्याला, शाळेला, गॅसच्या जोडणीला कुठेतरी अडतो. अनामत मात्र इथे एक-दोन महिन्यांची असते, ती जमेची बाजू.

परतणारे लोक आल्या आल्या प्लॉट बघायला लागतात, त्यांना एकच सांगणं: आधी आरएल बघा. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आरएल, झालेलं हवं. गुंठेवारी लेआऊटच्या '५७२' च्या यादीतला की '१९००' च्या यादीतला हे दलाल सहज सांगून टाकतो, पण लेआऊट यादीत असणं वेगळं आणि त्या प्लॉटचा आरएल निघालेला असणं वेगळं. आरएल नसेल तर बँक कर्ज द्यायला आणि नकाशा मंजूर व्हायला अडचण. 'स्वस्त' प्लॉट स्वस्त असतो तो याचमुळे.

त्रिमूर्तीनगर

तक्त्यात 'नागपूरला येणं-जाणं ४,०००' हा आकडा काही जणांना जास्त वाटला. आणि गाड्यांचं काय? पुण्याच्या एमएच १२ नंबरची गाडी इथे चालवायला पुन्हा कर भरावा लागतो का?

हिशोबाची_वही

चार माणसं, वर्षातून तीन फेऱ्या, म्हणजे जाऊन-येऊन २४ तिकिटं. सरासरी २,००० धरलं की ४८,०००, महिना ४,०००. रेल्वेचं थर्ड एसी मिळालं तर कमी, दिवाळीला ट्रॅव्हल्सनं आलात तर जास्त. खासगी बसनं एसटीच्या भाड्याच्या दीडपटीवर घेऊ नये असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे, दिवाळीत तो कोणाला आठवत नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेवढी तारीख फोनमध्ये लावून ठेवा. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत आहे, ८८१ किलोमीटर, साधारण बारा तास. पण बसून जायचं, आजी-आजोबांना विचारून काढा. मुंबईकडून गाडीनं येणाऱ्याला समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमनेपर्यंत पूर्ण झाल्यानं ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता आहे. पुण्याच्या माणसाला त्याचा फायदा अर्धामुर्धा, आधी संभाजीनगर किंवा शिर्डीकडे यावं लागतं.

एमएच १२ ची गाडी राज्यातच असल्यानं पुन्हा कर नाही, नंबरही तोच राहतो. फक्त आरसीवरचा पत्ता बदलायचा, फॉर्म ३३. बंगळूर-हैदराबादहून येणाऱ्याचं मात्र वेगळं. तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, इथे नवीन नोंदणी आणि कर, बारा महिन्यांच्या आत. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण इथला कर आधी खिशातून जातो. गाडी महाग आणि नवी असेल तर ही रक्कम लाखात जाते, म्हणून एकरकमी खर्चाच्या यादीत ती सगळ्यात वर लिहा. जुनी असेल तर तिकडेच विकून या.